संगणकाच्या खोलीची किल्ली

दिवाळीच्या आधीची साफसफाई म्हणजे आमच्या घरात दरवर्षी होणारे उत्खननच असते. हिने माळ्यावरून एकेक वस्तू खाली द्यायची आणि मी ती हातात घेऊन ‘हे असू दे’ म्हणायचे, अशी आमची कामाची वाटणी गेली चाळीस वर्षे ठरून गेलेली आहे. त्यामुळे आमचा माळा कधी रिकामा होत नाही आणि आमचे भांडणही कधी संपत नाही. यंदाच्या उत्खननात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला. त्यात काय नव्हते? काडी मोडलेले दोन चष्मे, वाळून गेलेली लाल शाईची दौत, संमेलनात मिळालेले तीन बिल्ले, बंद पडलेले मनगटी घड्याळ, आणि या सगळ्यांच्या तळाशी एक पितळी किल्ली. किल्लीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता, आणि त्यावर माझ्याच अक्षरात, लाल शाईने लिहिलेले होते : ‘संगणक कक्ष’.

“अहो, ही कुठली किल्ली? टाकू का?” हिने वरून विचारले.

एरवी ‘असू दे’ हे शब्द माझ्या तोंडून आपोआप निघतात. या खेपेस ते निघाले नाहीत. मी किल्ली घेऊन ओसरीवर येऊन बसलो. माणसाच्या घरात अभिमानाच्या वस्तू असतात तशा लाजेच्याही असतात. पहिल्या आपण दिवाणखान्यात मांडतो. दुसऱ्या बिस्किटांच्या डब्यात घालून माळ्यावर टाकतो. ही किल्ली दुसऱ्या जातीतली होती.

2003 साली आमच्या शाळेत आमदारांच्या निधीतून आठ संगणक आले. शाळा कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावची. मी तिथे मराठी आणि इतिहास शिकवीत असे. आता संगणक आणि इतिहास यांचा संबंध काय, असे कोणीही विचारील. संबंध एवढाच, की आमचे विज्ञानाचे सर शहाणे होते. यंत्र बिघडले तर ते कोणाच्या अंगावर येते हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून त्यांनी अंग काढून घेतले. हेडमास्तरांनी मग माझ्याकडे पाहिले. “तुमचे अक्षर चांगले आहे आणि तुमच्या हातून वस्तू हरवत नाही,” ते म्हणाले. या दोन गुणांच्या जोरावर मी संगणक कक्षाचा प्रमुख झालो. पहिले काम म्हणजे ती आठही यंत्रे डेडस्टॉक रजिस्टरात चढवायची. ते मी सुवाच्य अक्षरात केले. शाळा-कचेऱ्यांत काम केलेल्यांना हे रजिस्टर माहीत असते. खुर्च्या, टेबले, घंटा, फळे, नकाशे ही सगळी टिकाऊ मालमत्ता त्यात जाते. त्या रजिस्टराच्या नावाचा शब्दशः अर्थ त्या दिवशी माझ्या मनात आला नाही. आज किल्ली हातात घेतल्यावर आला.

खोलीला नवे कुलूप लागले. शिवणाच्या बाईंनी आठही यंत्रांना फुलाफुलांच्या कापडाचे अंगरखे शिवून दिले. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, असा नियम झाला, कारण धूळ. मुलांनी रांगेने जायचे, हात मागे बांधायचे, खिडकीच्या बाजूने बघत बघत बाहेर पडायचे, कारण धक्का. थोडक्यात, गाभाऱ्यात पाळायचे सगळे नियम आम्ही तिथे लागू केले. खंडेनवमीला तर खरोखरीच पूजा झाली. झेंडूची माळ, हळदकुंकू, समोर नारळ. शिपाईमामांनी इतक्या भक्तिभावाने हळदकुंकू लावले, की ते कळफलकाच्या फटीत गेले आणि ‘म’ हे अक्षर कायमचे रुसले. आमच्याकडे सुतार वर्षभर रंधा चालवतो आणि एक दिवस त्याची पूजा करतो. आम्ही वर्षभर पूजा केली आणि एक दिवस, तोही तपासणीचा, यंत्र चालू केले.

आपल्या बाजूने बोलायचे तर कारणे होती. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन असे. शाळेच्या वेळेत वीज असली तर ती बातमी होई. आणि यंत्रे आठ, आठवीची मुले दीडशे. पण ही कारणे मी आज सांगतो आहे. खरे कारण भीती हे होते. मला स्वतःला ते यंत्र चालवता येत नव्हते. आणि शिक्षकाला जे येत नाही त्यापासून मुलांना दूर ठेवण्याचा उत्तम उपाय म्हणजे त्याचा धडा करून टाकणे! मी फळ्यावर संगणकाची आकृती काढली. पडदा, कळफलक, माऊस, मध्यवर्ती प्रक्रिया विभाग. मुलांनी ती वहीत उतरवली, भागांना नावे दिली. एका मुलाने माऊस असा काही रंगवला होता, की मी ती वही हेडमास्तरांना नेऊन दाखवली. त्या मुलाने माऊसला हात लावलेला नव्हता, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आले नाही.

सहामाही परीक्षेत मी प्रश्न घातला : ‘संगणकाचे कोणतेही दोन उपयोग लिहा.’ गुण दोन. मुलांनी पुस्तकातले उपयोग लिहिले. संगणक आकडेमोड जलद करतो, संगणक माहिती साठवतो. तपासता तपासता एका मुलीची उत्तरपत्रिका हाती आली. शेवटच्या बाकावर बसणारी, वाडीवरून रोज चालत येणारी मुलगी. तिने लिहिले होते, ‘आमच्या शाळेत संगणक आहे. पण तो मी चालू असताना पाहिला नाही. त्याच्यावर कापड असते. म्हणून उपयोग माहीत नाही.’

मी तिला शून्य दिले. वर लाल शाईने शेरा मारला : ‘पाठ्यपुस्तक वाचावे.’

उत्तरपत्रिका वाटल्या त्या दिवशी ती मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. मला वाटले, गुणांबद्दल विचारील. तिने गुणांबद्दल काहीच विचारले नाही. “सर, एकदा उघडून दाखवा की. मी हात नाही लावणार,” ती म्हणाली. आणि मी, ज्याने वर्गात जोतीराव आणि सावित्रीबाईंवर तास तास बोलून मुलांच्या डोळ्यांत पाणी आणले असेल तो मी, म्हणालो, “आणि बिघडला तर तुझा बाप भरून देणार आहे का?” तिचा बाप दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातो, हे मला माहीत होते. ती काही बोलली नाही. निघून गेली. ही गोष्ट मी त्या दिवशीच विसरलो. बोलणारा विसरतोच.

हातात किल्ली घेऊन बसलो असता मला आठवली ती आमच्या लहानपणची सायकल. 1960 नंतरची पाचसात वर्षे धरा. गावात भाड्याने सायकली देणारे एकच दुकान होते. तासाला दोन आणे. नवे पैसे येऊन काही वर्षे झाली होती, पण दुकानदाराच्या तोंडी आणेच होते. सायकल मोठ्या माणसांची, आमचे पाय जमिनीला पोचायचे नाहीत. मग मधल्या दांडीखालून पाय घालून वाकडेतिकडे होत चालवायची. गुडघे फुटत. चेन उतरे. ती बसवायला दुकानदार येत नसे. “तुझ्या हातानं उतरली, तुझ्या हातानं चढव,” असे तो म्हणे. पंक्चर काढताना ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघायचे काम आमच्याकडे असे. हवेला वजन असते, दाब असतो, ती फटीतून निसटते, हे पदार्थविज्ञान मी त्या घमेल्याशी शिकलो; पुस्तकात ते नंतर भेटले. त्या दुकानदाराने आधी आम्हाला सायकलची आकृती काढायला लावली असती, भागांची नावे पाठ करून घेतली असती आणि मग सायकल कुलपात ठेवली असती, तर? तर मी आज या वयाला सायकलवरून भाजी आणायला जात नसतो, एवढे नक्की.

गंमत अशी, की ही गोष्ट आपल्याकडे कोणाला सुचली नव्हती असे मुळीच नाही. 1937 सालच्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी तिथे हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तिचा अभ्यासक्रम बांधला. टकळी हे त्यांचे यंत्र होते. पण टकळी फिरवता फिरवता कापसाचा भूगोल, सुताचे गणित आणि व्यापाराचा इतिहास मुलाला कळावा, हा हेतू होता. पुढे 1964 ते 1966 या काळात कोठारी आयोगाने कार्यानुभव शाळेत आणा म्हणून सांगितले. तो आणला गेलाही. आमच्या शाळेच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास होता. त्या तासाला कागदाची फुले, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, काचेच्या बांगड्यांचे तोरण, असल्या वस्तू मुले घरून घेऊन येत आणि आम्ही श्रेणी देत असू. कार्य आईचे, अनुभव थोरल्या बहिणीचा आणि श्रेणी मुलाला, असा तो कार्यानुभव!

आणि मला तर हे डोळ्यांनी दाखवलेही गेले होते. संगणक येण्याच्या चारपाच वर्षे आधी आम्ही काही शिक्षक पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम पाहायला गेलो होतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. तिथली नोकरी सोडून त्यांनी 1983 साली या दुष्काळी गावात हा आश्रम काढला. माध्यमिक शाळांसाठी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा एक कार्यक्रम बांधला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे : लोखंड-लाकूड आणि बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरे, घर आणि आरोग्य. आम्ही पाहिले, मुले वेल्डिंग करीत होती, रोपे तयार करीत होती. त्रिकोणी चौकटी जोडून उभारलेली घुमटासारखी घरे होती. आणि महत्त्वाचे म्हणजे हे सगळे खोटे खोटे नव्हते. गावातल्या लोकांची कामे मुले करून देत आणि त्याचे पैसे घेत. काम बिघडले तर गिऱ्हाईक बोलणार, हे त्यांना ठाऊक होते. तिथे 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटी या विख्यात संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब नावाची कार्यशाळा निघाली, हे मी नंतर वाचले. संगणकावर आकृती काढायची आणि यंत्राकडून ती वस्तू घडवून घ्यायची, अशी ती कार्यशाळा. परत आल्यावर शाळेत मी पाबळवर अर्धा तास बोललो. भाषण चांगले झाले. टाळ्या पडल्या. त्यानंतर चारपाच वर्षांनी माझ्या हाती किल्ली आली आणि मी कुलूप लावले.

यंत्रांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. कापडाखाली ती हळूहळू मेली. पावसाळ्यात ओल धरली, एकात उंदरांनी, खऱ्या उंदरांनी, संसार थाटला. 2012 साली मी निवृत्त झालो त्याच्या आधल्याच वर्षी ती भंगारात वजनावर गेली आणि डेडस्टॉक रजिस्टरातल्या आठ नोंदींवर मी लाल शाईने रेघ मारली. वजनकाट्यावर चढवताना भंगारवाला म्हणाला, “सर, हे तर नवंकोरं दिसतंय!” तो प्रामाणिक माणूस होता, त्याला टोमणा मारायचा नव्हता. पुढे त्या खोलीचे दार बदलले, कुलूप बदलले. किल्ली माझ्याकडेच राहिली आणि डब्यातून माळ्यावर गेली.

2024 सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. एका कागदाच्या कामासाठी मी तालुक्याच्या महा ई-सेवा केंद्रात रांगेत उभा होतो. पुढे एक बाई होती. तिशी उलटलेली, पायात चिखलाच्या चपला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन. तिने मागे वळून पाहिले आणि हसली. “सर, वळखलं न्हाई का? तुम्ही मला शून्य दिलं होतं. संगणकात.”

मी ओळखले. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे वाटले असते. ती हे सांगत होती ते एखाद्याने जुना सत्कार सांगावा तसे. सासरची दोन एकर जमीन, नवरा कारखान्याच्या हंगामात बाहेर, शेत तीच बघते. 2023 च्या खरिपात तिने सोयाबीन केले होते. त्या खरिपातल्या सोयाबीन आणि कापसाला सरकारने हेक्टरी 5,000 रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, मदत जाहीर केली होती. शेजारणीचे नाव यादीत होते, हिचे नव्हते. का नाही, ते विचारायला ती आली होती.

केंद्रातला मुलगा पडद्याकडे बघून म्हणाला, “ताई, तुमची ई-पीक पाहणी झालेली दिसत नाही.”

“झाली की! मी सोता केली. हा बघा फोटो.” तिने फोन पुढे केला. गुडघाभर सोयाबीन, आणि त्यात फोटो काढणाऱ्या बाईची लांब सावली. ई-पीक पाहणी 2021 पासून सुरू झाली. पूर्वी पिकाची नोंद तलाठी घेत असे. आता शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून फोनवर गट क्रमांक, पीक, क्षेत्र भरायचे आणि फोटो काढायचा. हिने ते सगळे केले होते.

मुलाने फोन हातात घेऊन दोनचार ठिकाणी बोट लावले. “ताई, माहिती भरलीय, फोटो काढलाय. पण अपलोड केली नाही. रानात रेंज नसेल तेव्हा. नोंद फोनमध्येच राहिली.”

“फोनात हाय न्हवं मग?”

“फोनात आहे. सरकारकडे पोचली नाही.”

तिने माझ्याकडे पाहिले. “सर, म्हंजी काय?”

मी एम.ए., बी.एड. चौतीस वर्षे शिकवलेले. मला सांगता येईना. फोनमध्ये ठेवणे वेगळे आणि फोनमधून पाठवणे वेगळे, माहिती एका ठिकाणी असते आणि दुसऱ्या ठिकाणी नसते, ही गोष्ट त्या क्षणी मलाही उमगत नव्हती. पडदा त्या मुलाच्या बाजूला होता. गुरू आणि शिष्या दोघेही शेजारी शेजारी उभे राहून त्या पडद्याची पाठ बघत होतो.

दोन एकरांचे चार हजार रुपये. माझ्या पेन्शनीत ही रक्कम कुठे कोपऱ्यात पडून राहील. तिच्या घरी ते रब्बीचे बियाणे होते. ती पिशवीत फोन गुंडाळून म्हणाली, “जाऊ द्या. पुढल्या साली बघू.” आणि जाता जाता माझ्या पाया पडली. त्या नमस्काराने मला जितके टोचले तितके आजवर कोणाच्या शिवीने टोचलेले नाही.

इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे असो, किंवा मन दुसरीकडे वळवायचे म्हणून असो, त्या रात्री मला हंटर आयोग आठवला. 1882 साली जोतीराव फुल्यांनी या आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी त्यांनी त्यात दिली आहे. ती यादी मी वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतली : मोडी आणि बालबोध लिहिणे-वाचणे, हिशोब, व्याकरण, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. इतकी वर्षे शिकवताना मला त्यातला पहिला शब्द कधी दिसला नव्हता. मोडी कशासाठी? पोथ्या तर बालबोधात होत्या. पण व्यवहार मोडीत चालत होता. सावकाराचे खत, कचेरीचा कागद, जमिनीचा दस्तऐवज मोडीत असे. नुसते बालबोध आलेला माणूस देवाची पोथी वाचू शकला असता. स्वतःच्या गहाणखताखाली अंगठा उठवताना मात्र आंधळाच राहिला असता. ज्या लिपीत आपला व्यवहार लिहिला जातो ती लिपी आपल्याला आली पाहिजे, एवढी साधी गोष्ट त्या यादीत होती. आमच्या त्या मुलीला मी बालबोध उत्तम शिकवले. तिचे अक्षर अजून चांगले आहे. तिच्या काळातली मोडी मात्र मी कापडाखाली झाकून ठेवली.

यावर आमचे पेन्शनर मित्र मला सांगतात, “अहो, आता शिकवायचे काय त्यात? हल्लीची पोरे जन्मतःच शिकून येतात!” हे अर्धे खरे आहे. 1999 साली सुगत मित्र यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात एका भिंतीला भोक पाडून त्यात संगणक बसवला, आणि पलीकडच्या झोपडवस्तीतली मुले कोणी न शिकवता तो चालवायला शिकली. माझा नातूही तसाच आहे. जेवताना एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने चित्रपट. पण मी त्याला विचारले, “तू काढलेला फोटो राहतो कुठे?” तर तो म्हणाला, “फोनमध्ये. अजून कुठे?” म्हणजे त्या बाईचेच उत्तर! घोड्यावर बसता येणे आणि घोड्याला काय झाले आहे हे कळणे, या दोन विद्या आहेत. पहिली मूल आपली आपण उचलते. दुसरी कोणीतरी शेजारी बसून दाखवावी लागते.

आणि पहिलीही सगळ्यांना सारखी मिळते असे नाही. 2023 सालच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वर्षांच्या मुलामुलींना फोनविषयी विचारले होते. फोन वापरता येतो असे सांगणारे बहुतेक सगळे निघाले. पण वापरणाऱ्या मुलांपैकी सुमारे 44 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी सुमारे 20 टक्क्यांकडे. 2020 साली शाळा बंद झाल्या आणि धडे फोनवर आले, तेव्हा घरातला एकुलता एक फोन आधी कोणाच्या हातात जात होता, हे मी आमच्या गल्लीतच पाहिले आहे. घरात जिला फोनची पाळी येत नाही तिला ती कुठे येणार? शाळेतच ना? म्हणून शाळेतले यंत्र हे श्रीमंतीचे लक्षण नव्हे; ते पाणवठ्यासारखे आहे. ज्याच्या घरी विहीर आहे त्याला पाणवठा नसला तरी चालते.

त्यासाठी फार मोठे काही लागते असेही मला वाटत नाही. एखादे जुने यंत्र उघडून मुलांपुढे ठेवावे. त्यातला कुठला तुकडा आठवण ठेवतो आणि कुठला आकडेमोड करतो ते त्यांच्या बोटांना कळू द्यावे. जपून ठेवणे म्हणजे काय आणि पाठवणे म्हणजे काय, हे एकेकाला करून बघू द्यावे. फोनवर आलेले सहा आकडे अनोळखी माणसाला सांगितले तर बँकेतल्या पैशांची वाट कशी मोकळी होते, हे ‘सांगू नका’ अशी पाटी लावून नव्हे, तर समजावून दाखवावे. अकरावीचा प्रवेश 2025 पासून साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला. तो अर्ज मुलाने वर्गातच एकदा खोटा खोटा भरून पाहावा. आणि काही बिघडलेच तर बिघडू द्यावे. आमच्या सायकलवाल्याची एकही सायकल धड नव्हती. पण त्याच्या दुकानातून बाहेर पडलेला एकही मुलगा चेनला भीत नव्हता.

हे सगळे बोलायला मी मोकळा आहे, पण शिकायला मला उशीर झाला. गेल्या वर्षभरात नातीने मला पुष्कळ शिकवले. सुरुवातीला प्रत्येक वेळी मी विचारी, “हे दाबले तर बिघडणार नाही ना?” ती म्हणे, “आजोबा, बिघडत नाही काही. मागं यायचं बटण असतं.” सत्तरी ओलांडल्यावर मला हे कोणीतरी सांगितले. आठवीत सांगितले असते तर?

या पावसाळ्यात मी एक दिवस सायकल काढली आणि त्या बाईच्या रानात गेलो. निमित्त काही नव्हते. म्हटले, यंदाची पीक पाहणी तरी नीट होते का बघू. मनात असे, की आपण शिकलो आहोत, आपण तिला दाखवू. माणसाची हौस! बांधावर तिची मुलगी फोन घेऊन आधीच उभी होती. आठवीत आहे. गट क्रमांक, पीक, क्षेत्र, फोटो, सगळे तिने भराभर केले आणि फोन वर धरून ओढ्याच्या बाजूला चढावर गेली. “इथं रेंज येते,” ती म्हणाली. “कोणी शिकवलं गं?” मी विचारले. “आमच्या बाईंनी. वर्गात सगळ्यांना एकेकदा करायला लावलं. मी दोनदा चुकले.” मग तिने फोन माझ्यापुढे धरला. “आजोबा, शेवटचं बटण तुम्ही दाबा.” माझे बोट थरथरले. “चुकलं तर?” मी म्हटले. “चुकलं तर दुरुस्त करता येतं,” ती म्हणाली. मी दाबले. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग पडद्यावर नोंद पोचल्याची अक्षरे आली. तिच्या आईने ती मोठ्याने वाचली, एकेक शब्द सावकाश, आणि मग आणखी एकदा वाचली. पडदा या वेळी आमच्या बाजूला होता.

त्या बाई कोण, मला माहीत नाही. त्यांच्या शाळेत किती संगणक आहेत, त्यांना कापड आहे की नाही, मी विचारले नाही. पण त्यांच्याकडे किल्ली असेल तर ती त्यांनी कुठेतरी हरवली असावी, असे मला वाटते. देव त्यांना ती पुन्हा न सापडो.

“अहो, ऐकलंत का? किल्ली टाकू की असू दे?” माळ्यावरून तिसऱ्यांदा विचारणा झाली.

“टाक,” मी म्हणालो. “पितळ आहे, मोडीत घाल.”

वर क्षणभर शांतता पसरली. चाळीस वर्षांत माझ्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच निघाला होता. ही शिडीवरून दोन पायऱ्या खाली उतरून माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, “बरं वाटतंय ना तुम्हाला?”

बरे वाटत होते. फक्त किल्ली देण्याआधी तिला बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा मी सोडवून घेतला. लाल शाईचे ते अक्षर अजून चांगले टिकले आहे. ते मात्र असू दे.